घर पुण्याला, होडी आचऱ्याला: वडिलांची होडी ठेवावी की विकावी?

तुमचा प्रश्न असा आहे. आचऱ्याच्या खाडीत वडिलांची २६ फुटी लाकडी होडी आहे. सागाच्या फळ्या, आईनाच्या लाकडाचे वाक (होडीच्या आतल्या फासळ्या), मागे ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. वडील गेल्या दिवाळीनंतर वारले. जूनपासून तुमची नोकरी पुण्याला, आईही बरोबर येणार, घराला कुलूप. वडिलांबरोबर बारा वर्षं होडीवर गेलेला खलाशी ती मागतोय, पण त्याच्याकडे निम्मेच पैसे आहेत. मालवणचा एक पर्यटन व्यावसायिक सगळी रक्कम रोख द्यायला तयार आहे. आई म्हणते, होडी विकू नको. बहीण वसईला, ती म्हणते तुला योग्य वाटेल ते कर. ठेवू की विकू, आणि ठेवली तर सांभाळू कशी, हे तुम्ही विचारलं आहे.

मी ३१ वर्षं देवगडच्या खाडीकाठी होड्या बांधतो आणि दुरुस्त करतो. हा प्रश्न घेऊन दरवर्षी शिमग्यानंतर चार-पाच माणसं माझ्याकडे येतात. तुमच्यापुरतं उत्तर आधीच सांगतो: विका, मे संपायच्या आत विका, आणि खलाशालाच विका. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर कदाचित मी ठेवायला सांगितलं असतं, म्हणून कारणं नीट सांगतो.

येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट विचारतो. तुम्ही नसताना होडीपाशी रोज कोण जाणार? महिन्यातून एकदा चक्कर मारणारं माणूस मला चालत नाही. भरतीला दोर ताणला का, ओहोटीला होडी कलंडली का, रात्रीच्या पावसाचं पाणी आत किती साचलं, उंदरांनी काही कुरतडलं का, हे रोज डोळ्यांनी बघणारं माणूस लागतं. वडील असताना हे काम होतंय हे तुम्हाला जाणवलंही नसेल. सकाळी चहा घेऊन ते खाडीवर जायचे आणि परत यायचे, एवढंच तुम्ही पाहिलंत. त्या अर्ध्या तासात ते होडी सांभाळत होते. तुमच्या प्रश्नात शेजारी आहेत, चुलते आहेत, पण यातला स्वतः मासेमारीला जाणारा एकही नाही. स्वतःची होडी ज्याची खाडीत नाही, तो दुसऱ्याच्या होडीसाठी भर पावसात रात्री दोनला उठत नाही. त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या जिवावर होडी ठेवू नका, एवढंच.

आता लाकडाचं बघा. लाकडी होडी वापरात असते तोवर टिकते. खारं पाणी लाकडाला राखतं, मिठामुळे कुजवणारी बुरशी सहज धरत नाही. होडीला कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. ते वरून आत पडतं, वाकांच्या मागे, फळ्यांच्या टोकाला, पठाणाच्या (बुडाच्या मधल्या लांब लाकडाच्या) कडेला साचून राहतं आणि तिथे वारा लागत नाही. एका पावसाळ्यात काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बारीक आरी टोचली की लोण्यात जावी तशी आत जाते. बाहेरून रंग मात्र छान असतो.

होडी पाण्यात ठेवली तरी सुटका नाही. नांगरून पडलेल्या होडीच्या बुडाला शेवाळ आणि कवच्या धरतात. रंगाचा थर कुठे उडाला असेल तर लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यातून शिरतो. त्याचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं, पण आत तो बोटाएवढे बोगदे करत जातो. हा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणून आपले जुने लोक होडी अधूनमधून खाडीत वर, गोड्या पाण्याच्या बाजूला नेऊन ठेवत. तेही करायला माणूस लागतंच.

किनाऱ्यावर ओढून ठेवली तर तिसरीच गोष्ट होते. ऑक्टोबरच्या उन्हात फळ्या सुकून आखडतात, सांधे उघडतात. वापरातली होडी पाण्यात उतरवली की आत झिरपणारं पाणी दोन दिवसांत थांबतं, कारण लाकूड फुगून सांधे मिटतात. दोन वर्षं सुकलेल्या होडीचे सांधे मात्र आपोआप मिटत नाहीत. जुना कापूस काढून नवा भरावा लागतो, वर राळ, आणि बहुतेक वेळा त्याबरोबर खिळेही बदलावे लागतात. दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गप्प होतो आणि होडी आणखी एक वर्ष तशीच राहते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वडिलांची होडी २१ फुटी होती, फणसाच्या लाकडाची, त्यांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून बांधलेली. ते गेल्यावर मी ती विकली नाही. मी स्वतः सुतार, होडी माझ्याच शेडपासून शंभर पावलांवर, मग विकायची कशाला? झावळ्यांच्या झापांखाली ओढून ठेवली. दुसऱ्यांच्या होड्यांचं काम अंगावर असायचं, म्हणून वडिलांच्या होडीला पुढच्या महिन्यात हात लावू म्हणत राहिलो. असे चार पावसाळे गेले. पाचव्या वर्षी झापं काढली तेव्हा पठाण मधोमध बसला होता आणि डाव्या अंगाचे सहा वाक हातात चुरले. पहिल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका तरुण मुलाने ती मागितली होती. त्याला दिली असती तर ती आणखी पंधरा वर्षं चालली असती. आई तोवर होती, तिने ती फोडताना पाहिली. विकलेली बघणं आणि फोडलेली बघणं यात कुठलं दुःख मोठं, ते मला तेव्हा कळलं. तुमच्या आईला हे जरूर सांगा, माझ्या नावाने सांगा.

तुम्ही लिहिलंय की गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारच आहोत, तेव्हा होडी वापरू. चाकरमान्याचं हे वेळापत्रक आणि दर्याचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतात. तेव्हा समुद्र उघडलेला असतो, पण लाटा अजून मोठ्या, आणि खाडीच्या तोंडावर पाणी फुटत असतं. २६ फुटी होडी घेऊन, वर्षभर हाताला सुकाणू न लागलेल्या माणसाने तेव्हा बाहेर जाऊ नये. मे महिन्यात दुपारचा वायव्येचा वारा जोरावर असतो, आणि दुसऱ्या पंधरवड्यात वारा दक्षिणेकडे वळला की लोक होड्या ओढायच्या तयारीला लागलेले असतात. समुद्र खरा शांत असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तुम्ही पुण्यात असाल आणि मुलांच्या शाळा चालू असतील. शिमग्याला चार दिवस आलात तर सकाळची वेळ मिळेल. म्हणजे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस.

वादळंही बहुतेक होडी पाण्यात असतानाच येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, क्यार ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते १६ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्यावरून गेलं. देवगडचं बंदर आडोशाचं, म्हणून अशा वेळी दूरदूरच्या नौका इथे आसऱ्याला येतात आणि खाडीत पाय ठेवायला जागा राहत नाही. तौक्तेच्या आदल्या रात्री मी किनाऱ्यावर होतो. ज्यांचे मालक हजर होते त्यांनी दुसरा नांगर टाकला, दोर वाढवला, इंजिन उतरवून घरात नेलं. ज्यांचे मालक मुंबई-पुण्याला होते, त्यांचे फोन आम्हाला येत होते. आम्ही आमच्याच होड्या बांधत होतो. जमेल तेवढ्या परक्या होड्याही बांधल्या, सगळ्या नाही जमल्या.

पैशाचा हिशोब कागदावर मांडून बघा. माझे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुम्ही आचऱ्यातले खरे दर घाला. समजा होडी, इंजिन मिळून आज अडीच लाख येतात. ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १७,५०० रुपये व्याज. राखणाऱ्याला महिना हजार, म्हणजे १२,०००. पावसाआधी ओढणं, खरवडणं, तेलपाणी, रंग, नंतर उतरवणं, याचे २५,०००. इंजिनाची देखभाल ८,०००. झाले ६२,५००. बारा दिवस वापरलीत तर एका दिवसाला पाच हजारांच्या वर पडली. यात विमा नाही, आणि दर वर्षी होडीची किंमत उतरते तीही नाही. त्या पैशात आचऱ्यातल्याच कोणाच्या होडीवर तुम्ही कधीही गरवायला (गळाने मासे धरायला) जाऊ शकता, आणि तांडेल (होडी चालवणारा) तुमच्यापेक्षा जाणता मिळेल.

विम्याबद्दल थोडक्यात: होडी वापरात नसताना, माणसाशिवाय नांगरलेली किंवा ओढून ठेवलेली असताना नुकसान झालं तर पैसे मिळतात का, ते पॉलिसीत वाचा. बहुतेक लोक हे नुकसान झाल्यावर वाचतात.

लोक मधला रस्ता काढतात. पहिला म्हणजे इंजिन विकायचं आणि होडी आठवण म्हणून ठेवायची. हा मला सगळ्यांत वाईट वाटतो. इंजिनाला गिऱ्हाईक कधीही मिळतं, नुसत्या जुन्या लाकडी होडीला मिळत नाही. इंजिन गेलं की होडी पाण्यातून वर येते आणि पुन्हा उतरत नाही. शिवाय नोंदणीत इंजिनाची नोंद असते, ते वेगळं विकलं तर तीही बदलावी लागते.

दुसरा रस्ता म्हणजे होडी पुण्याला नेऊन एखाद्या धरणात ठेवणं. दोघांनी मला हे विचारलंय म्हणून लिहितो. जलाशयात होडी टाकायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, ट्रकवरून घाट चढताना सुकलेल्या फळ्यांचे सांधे हलतात, आणि खाऱ्या पाण्यात वाढलेलं लाकूड कायमचं गोड्या पाण्यात ठेवलं की कुजणं लवकर सुरू होतं. हा विचार सोडा.

तिसरा रस्ता विचार करण्यासारखा आहे: होडी भागाने देणं. आपल्याकडे जुनी रीत आहे, खर्च वजा जाता होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. खलाशाला होडी चालवायला द्यायची, होडीचा वाटा तुम्हाला. वडिलांच्या काळात हे चाललं, कारण मालक किनाऱ्यावर उभा असायचा. मासळी उतरताना, तिचा लिलाव होताना तो डोळ्यांनी बघायचा. पुण्यात बसून तुम्हाला फोनवर जो आकडा सांगितला जाईल तो मानावा लागेल. तुमचा खलाशी प्रामाणिक आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. तरी दोन वर्षांत एखादा हंगाम वाईट जातो, इंजिन मोडतं, दुरुस्ती कोणी करायची यावरून शब्द होतो आणि बारा वर्षांचं नातं तुटतं. मी अशी तीन नाती तुटलेली पाहिली आहेत, आणि तिन्हीत दोन्ही माणसं चांगली होती.

भागाने देण्यात याहून मोठा धोका नावाचा आहे, आणि त्यासाठी आता कागदांकडे येतो. इथे घाई करू नका.

मासेमारी नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी म्हणजे होडीच्या अंगावर रंगवलेला IND-MH अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक. परवाना राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड बरेच वाढले. दोन्हींचं काम आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीतून होतं, आणि तुमच्यासाठी कार्यालय मालवणचं, सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय.

तुमच्या होडीचे कागद अजून वडिलांच्या नावावर आहेत. म्हणजे आज तुम्ही ती विकूच शकत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचा समान वाटा आहे. बहिणीने फोनवर "तुला योग्य वाटेल ते कर" म्हटलं, ते प्रेमाने म्हटलं असेल, पण तिचं लेखी संमतीपत्र घ्या आणि आलेल्या पैशांतला तिचा वाटा तिच्यासमोर ठेवा. तिने घ्यायचा की नाही ते ती ठरवेल. आधी वारसांच्या नावावर, मग घेणाऱ्याच्या नावावर असा हा प्रवास आहे. शिमगा झाला, ३१ मेला अडीच महिनेही उरलेले नाहीत. त्यामुळे विकायची की नाही हे घरात ठरायच्या आधीच वारसनोंदीचं काम सुरू करा. ठेवायची ठरली तरी ती नोंद लागणारच आहे.

वडील ज्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद होते तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा: होडीवर किंवा इंजिनावर कर्ज बाकी आहे का, डिझेल परताव्याचे किंवा इतर काही पैसे यायचे आहेत का, आणि सभासदत्वाला वारस कोण लावला आहे. कर्ज असेल तर फेडून ना हरकत दाखला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या होडीला पेट्रोलचं इंजिन आहे म्हणून परताव्याचा प्रश्न नसेल, पण मोठी नौका असलेल्या वाचकांनी हे आधी बघावं. तिथे राष्ट्रीय सहकार विकास निगमची जुनी कर्जं वीस-वीस वर्षं मुलांच्या मागे लागलेली मी पाहिली आहेत.

आता तो नावाचा धोका. पुष्कळ लोक शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून देतात, पैसे घेतात, होडी देतात, आणि कार्यालयातलं नाव तसंच राहतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असं केलं. तीन वर्षांनी घेणाऱ्याची होडी बंदीच्या काळात मासेमारी करताना पकडली गेली, नोटीस मात्र ठाणे शहरातल्या यांच्या घरी आली. ती होडी तर यांनी कधीच विकली होती, पण कागदावर मालक तेच. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाच्या मासेमारी नौकेचं अपहरण करून आले. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक नौकेचं नाव, क्रमांक, खलाशांची ओळखपत्रं यांकडे यंत्रणा फार बारकाईने बघते, आणि बघायलाच हवं. तुमच्या नावाची होडी कुठेही, कोणत्याही अवस्थेत सापडली तर पहिला फोन तुम्हाला येईल. म्हणून विकलीत तर नाव बदलल्याचा कागद हातात आल्यावरच विक्री पूर्ण झाली असं माना. आणि भागाने दिलीत तर हे ओझं तुम्ही पुण्यात बसून वाहणार आहात, हे समजून द्या.

तुमचे एक नातेवाईक म्हणाले की २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, आता योजना येतील, होडी विकू नका. निर्णय चांगला आहे, मला त्याचा आनंद आहे. पण योजना मासेमारी करणाऱ्यासाठी असतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाने नावापुरती होडी ठेवून त्यांचा लाभ घेणं म्हणजे वाडीतल्या खऱ्या मच्छीमाराच्या तोंडचा घास घेणं. तुम्ही तसा विचार करणार नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

आता दोन गिऱ्हाइकं. पर्यटनवाला रोख देतोय आणि रक्कमही थोडी जास्त आहे. पण तो या होडीचं काय करणार? किल्ल्याकडे किंवा डॉल्फिन बघायला पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी नोंदणी, तपासणी, प्रवासी संख्येची मर्यादा, जीवरक्षक जाकिटं हे सगळं लागतं. तुमच्या वडिलांचा मासेमारी परवाना त्याच्या काही उपयोगाचा नाही. त्याला विचारा, नोंदणी बदलून घेणार का आणि कधी. "बघू नंतर" असं उत्तर आलं तर त्याला फक्त इंजिन हवंय, किंवा मासेमारीच्या कागदावर प्रवासी न्यायचे आहेत. पहिल्यात होडी मरते. दुसऱ्यात माणसं मरू शकतात, आणि कागदावर नाव तुमचं.

खलाशाकडे निम्मे पैसे आहेत, पण होडीचा प्रत्येक आवाज त्याच्या ओळखीचा आहे. कुठल्या फळीतून पाणी झिरपतं, इंजिन गार असताना किती वेळा दोरी ओढावी लागते, हे त्याला शिकवायचं नाही. परवाना लागेल तोही त्यालाच, आणि क्रियाशील मच्छीमार असल्यामुळे तो मिळण्यात त्याला अडचण कमी. उरलेल्या पैशांसाठी त्याने पतसंस्थेचं किंवा संस्थेचं कर्ज घ्यावं हे उत्तम, म्हणजे तुमच्या दोघांत देणं-घेणं राहत नाही. ते जमलं नाही तर निम्मे पैसे नाव बदलताना, पाव पुढच्या शिमग्याला, पाव त्यापुढच्या मे महिन्यात, असं लेखी करा. मात्र नाव बदललं की होडीवर तुमचा ताबा उरत नाही. म्हणून उधार ठेवलेली रक्कम एवढीच असावी की ती बुडाली तरी तुमचं घर हलणार नाही आणि त्याच्याशी बोलणं तुटणार नाही. तुमच्याच्याने तेवढी जोखीम घेववत नसेल, तर किंमत थोडी कमी करून उधारी कमी ठेवा.

मेच्या आतच का, तेही सांगतो. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. तोवर होडी पाण्यात आहे, इंजिन चालू आहे, घेणारा खाडीच्या तोंडापर्यंत चालवून बघू शकतो. जूननंतर ती ताडपत्रीखाली जाते, मग गिऱ्हाईक फक्त रंग बघतं आणि मनात धोका धरून किंमत पाडतं. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर होडी शोधणारे असतात हे खरं, पण तोपर्यंत तुम्ही पुण्यात असाल आणि पावसाळ्यातली राखण करायला कोणी नसेल.

विकण्याआधी रंग मारू नका. जाणता माणूस ताज्या रंगाला घाबरतो. होडी ओहोटीला कलती करून बूड धुवा, खरवडा आणि उघडं दाखवा. हातोडीने फळीफळीवर ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द आवाज देतं. पठाणाच्या दोन्ही कडा, नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) खालचा सांधा आणि इंजिन बसतं ती मागची फळी, या तीन जागा आरीने टोचून बघा. खिळ्यांखाली गंजाचे ओघळ असतील तर मोजा. जे दोष सापडतील ते कागदावर लिहून घेणाऱ्याला आधीच सांगा. इंजिन गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून आतलं मीठ धुवा, पाणी खेचणारा रबरी पंखा जुना असेल तर बदलून द्या, तो स्वस्त आहे आणि त्याच्यावाचून महाग इंजिन जळतं. टाकीत दिवाळीपासूनचं पेट्रोल असेल तर काढून टाका, ते चिकट होतं. इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळतो का बघा आणि फोटो काढून ठेवा. जाळी मात्र होडीच्या किमतीत धरू नका. उन्हाने आणि उंदरांनी ती दोन वर्षांत जातात. मी असतो तर खलाशाला तशीच दिली असती. सरकारकडून ट्रान्सपॉन्डर (होडीचं ठिकाण उपग्रहावरून कळवणारं यंत्र) बसवला असेल तर तो उतरवू नका, तो होडीबरोबर जाऊ द्या आणि नाव बदलताना कार्यालयाला सांगा.

फायबरच्या होडीवाल्यांसाठी दोन ओळी. तुम्हाला वेळ थोडा जास्त आहे. फायबर कुजत नाही, पण उन्हाने वरचा थर मरतो, बुडाला फोड येतात, आणि आत घातलेल्या लाकडात पाणी शिरलं की ते बाहेरून कळत नाही. उलटी करून सावलीत ठेवता येत असेल आणि दोन वर्षांत नक्की परतणार असाल, तर इंजिन घरात घेऊन होडी ठेवा. "नक्की" म्हणजे बदलीचा कागद हातात आहे, असं. ज्यांचा सख्खा किंवा चुलत भाऊ स्वतः समुद्रावर जातो त्यांनीही लाकडी होडी खुशाल ठेवावी, पण ती त्या भावाच्या नावावर करून.

आता आईचं. त्यांना होडीची किंमत सांगू नका, ती त्यांना माहीत आहे. विक्री व्हायच्या आधी एका सकाळी, वारा सुटायच्या आत, त्यांना होडीत बसवून खाडीत फिरवून आणा. सुकाणूवर खलाशाला बसवा, तुम्ही त्यांच्याजवळ बसा. नाळेला कुंकू लावणं, नारळ देणं, जे तुमच्या घरात होत असेल ते त्यांच्या हातून होऊ द्या. खलाशाच्या बायकोलाही बोलवा, कारण येत्या नारळी पौर्णिमेला ती पूजा तिच्याकडे जाणार आहे. आचऱ्याला आल्यावर त्यांना होडी खाडीत चालती दिसेल, हे त्यांना सांगता येईल, आणि ते खरं असेल.

आणि एक वस्तू विक्रीतून वेगळी काढून घ्या, खलाशी नाही म्हणणार नाही. इंजिन आल्यापासून तुमच्या वडिलांचं वल्हं होडीत आडवं पडून असेल. ते पुण्याला न्या. भिंतीला उभं टेकवून ठेवू नका, वाकतं. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, आणि वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा.